कुटुंबप्रमुखांची लोकशाही

आमच्या मंडळाची वार्षिक सभा बाराला असते आणि जेवण साडेबाराला. ही वेळ ज्याने कुणी ठरवली, त्याने मराठी माणूस अगदी आतून ओळखला होता. मागच्या दाराने मसालेभाताची पातेली आत येतात, जिलबीचे ट्रे येतात, अळूच्या भाजीचा वास सुटतो, आणि नेमके तेव्हा अध्यक्ष स्टेजवरून विचारतात, "हेच पॅनल पुढे चालू ठेवावं असा ठराव आहे. कुणाला काही म्हणायचंय?" कोण कशाला बोलतंय! सगळ्यांचं लक्ष पातेल्यांकडे. कुणीतरी सूचक होतो, कुणीतरी अनुमोदक. "सर्वानुमते मंजूर!" टाळ्या. आणि जनता ताटं घ्यायला धावते. चौदा वर्षं मी हा तमाशा बघत आले. अध्यक्ष असतात ते खजिनदार होतात, खजिनदार सचिव होतात, सचिव अध्यक्ष. खुर्च्या बदलतात, बसणारे तेच.

आणि हीच माणसं पार्टीत काय बोलतात ते ऐकावं! एका हातात बिअर, समोर बार्बेक्यूवर पनीर, आणि तासभर विषय एकच: सगळं एकाच पक्षाच्या हातात गेलं की देशाचं कसं वाटोळं होतं. विरोधक नसले की सत्ता कशी माजते. इथे परदेशातल्या इलेक्शनला शाळेबाहेर रांग लावून, मत देऊन, तिथेच विकत मिळणाऱ्या सॉसेज सँडविचसोबत फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ड्यूटी डन. डोंबलाची ड्यूटी. इथे मत दिलं नाही तर दंड बसतो, म्हणून जातात. स्वतःच्या मंडळात कधी एक चिठ्ठी पेटीत टाकायची वेळ आली नाही त्यांच्यावर, आणि त्याबद्दल एकालाही कधी काही वाटलं नाही.

मलाही वाटलं नव्हतं, हे कबूल करून टाकते. गरज पडेपर्यंत कुणाला काय वाटतंय.

मी वेस्टमीडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. शिकायला म्हणून आले, इथेच नोकरी लागली, इथेच पीआर झाली, इथेच लग्न, इथेच मुलगी आणि इथेच घटस्फोट. मंडळाच्या लेखी यातलं फक्त लग्न झालं. कारण आमच्या मंडळाचं सभासदत्व माणसाला नसतं, कुटुंबाला असतं. फॉर्मवर पहिला रकाना 'कुटुंबप्रमुख', त्याखाली 'पत्नी', त्याखाली 'मुले'. कुटुंबाला मत एक, आणि ते प्रमुखाचं. लग्न झालं तेव्हा नवऱ्याने फॉर्म भरला, मी चहा करत होते. मला वाचून दाखवायची त्याला गरज वाटली नाही आणि मला वाचायची.

घटस्फोट झाल्यावर सभासदत्व त्याच्याकडे राहिलं. ते त्याचंच होतं म्हणे. त्या वर्षी गणपतीला दारावर एका पोराने माझ्या ड्रेसवर 'पाहुणे' असं छापलेलं स्टिकर चिकटवलं. अकरा वर्षं मी त्या गणपतीचे मोदक वळले होते! पोराचा दोष नाही, त्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. आतमध्ये ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी ते स्टिकर पाहिलं आणि लगेच आरतीच्या पुस्तकात तोंड घातलं.

स्टिकरचं मी काही मनाला लावून घेतलं नसतं. प्रश्न मुलीच्या क्लासचा होता.

मंडळाचा रविवारचा मराठीचा क्लास असतो, दहा वाजता, हॉलच्या मागच्या खोलीत. एक रिटायर्ड बाई शिकवतात. फक्त सभासदांच्या मुलांना. आम्ही वेगळे झालो तेव्हा मुलगी सात वर्षांची होती, आणि त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी मराठीत एक अक्षर बोलली नाही. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. इथली सगळीच पोरं तसं करतात म्हणून मी सोडून देत होते. मग एकदा ती म्हणाली, "मम, मराठी इज फॉर फायटिंग." खरंच होतं ते. आम्ही दोघं इतर वेळी इंग्रजी-मराठी काहीही बोलायचो, पण भांडायचो मात्र अस्सल मराठीत.

त्या बाईंनी तिचं मराठी परत आणलं. रागावून नाही, पाठ करायला लावून नाही. कोडी घालून, खेळ खेळून, भेंड्या लावून. वर्षभरात ती वाचायला लागली. डोंबिवलीला माझ्या आईला स्वतःहून व्हिडिओ कॉल लावायला लागली. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. त्या दोन वर्षांत आजी-नात फोनवर एकमेकींना नुसता हात हलवून दाखवायच्या, आता दोघी माझ्याबद्दल चुगल्या करतात. एवढं सगळं त्या एका खोलीतून आलं होतं. दुसरीकडे क्लास आहेत, पण ते शनिवारचे, आणि शनिवारी माझी शिफ्ट असते.

मुलगी क्लासला जात होती ती बापाच्या सभासदत्वावर. तो मेलबर्नला गेला, ग्लेन वेव्हर्लीला. तिथे दुसरं लग्न केलं, चांगल्या शाळेच्या झोनमध्ये घर घेतलं, तिथल्या मराठी मंडळात नाव घातलं. इथलं सभासदत्व तो पुन्हा भरणार नव्हता, आणि कशाला भरेल? ते जूनअखेर संपणार होतं. म्हणजे जुलैपासून क्लास बंद.

जानेवारीत मी अध्यक्षांना फोन केला. माझ्या नावावर सभासदत्व द्या म्हटलं.

"अहो वहिनी, तसं घटनेतच नाही ना," ते म्हणाले.

वहिनी! ज्याच्यामुळे मी यांची वहिनी झाले तो हजार किलोमीटरवर दुसरा संसार मांडून बसलाय, त्याच्या फॉर्मवरचं पत्नीचं नाव यांनी आनंदाने बदलून घेतलं असेल, पण मी आपली वहिनीच. मी म्हटलं, मग घटना बदला. ते हसले. घटना म्हणजे घटना असते वहिनी, म्हणाले, आज तुमच्यासाठी बदलली तर उद्या प्रत्येक जण येईल. प्रत्येक जण म्हणजे कोण, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मी म्हटलं, मला ती घटना पाठवा तरी. त्यांनी तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ पाठवली. मी ती वाचेन असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसणार. त्यांनी स्वतः ती कधी वाचली नव्हती, हे मी पैजेवर सांगते.

पण माझं कामच कंटाळवाणे कागद वाचायचं. लॅबमध्ये प्रत्येक टेस्टची लेखी पद्धत असते आणि तिच्यातला एक शब्द चुकला तरी सॅम्पल फुकट जातं. लंचला मी ती घटना वाचायला घेतली. कुठल्या तरी लॉन बोलिंग क्लबची घटना उचलून मराठीत आणलेली असणार, कारण त्यात हिरवळीची निगा राखण्याचंही एक कलम होतं. आमच्या मंडळाकडे एक कुंडी नाही. आणि त्याच्या खालीच, कुणाच्याही लक्षात न आलेलं, दुसरं एक कलम होतं: एक दशांश सभासदांनी लेखी मागणी केली तर तो प्रश्न सर्व सभासदांपुढे गुप्त मतदानाला ठेवणे समितीला बंधनकारक राहील, आणि दोन तृतीयांश मते बाजूने पडल्यास निर्णय बंधनकारक राहील. मी डबा तसाच ठेवून तीनदा वाचलं. म्हणजे पॅनलला हरवायची गरजच नव्हती. पॅनल बसू दे खुर्चीवर, प्रश्न थेट लोकांना विचारायचा!

लोकांवर माझा तेव्हा बराच विश्वास होता.

मंडळात सभासद कुटुंबं दोनशे साठ, म्हणजे सव्वीस सह्या लागणार होत्या. बायका एका जागी कुठे मिळतील? हळदीकुंकवाला. हॅरिस पार्कला माझ्या एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर दरवर्षी मोठं हळदीकुंकू असतं. ती आणि मी एकाच वर्षी शिकायला आलो, एकाच फ्लॅटमध्ये गाद्या टाकून झोपलो, माझ्या घटस्फोटात तीच एक माझ्या बाजूने उभी राहिली. तरी त्या वर्षी बोलावताना तिची जीभ अडखळली. "येशील ना? म्हणजे... तुला चालेल ना?" कुणाला चालेल ना हा खरा प्रश्न होता. मी म्हटलं, मला चालेल, मी क्लिपबोर्ड घेऊन येते.

बाहेर चाळीस डिग्री, आत काळ्या सिल्कच्या साड्या, एसी धापा टाकतोय, आणि वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे. मी उभी राहून सांगितलं काय आहे ते. अहाहा, काय तो आवेश! एक म्हणाली, हे तर वीस वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. एक म्हणाली, मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे, माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत, आणि इथे मी कुणाची तरी 'पत्नी' म्हणून रकान्यात? एकीने तर अध्यक्षांची नक्कलच करून दाखवली. तिळगूळ खाता खाता एकतीस जणींनी सह्या केल्या. कागदावर हळदीची बोटं उमटली होती. मी घरी जाताना ट्रेनमध्ये तो कागद चार वेळा काढून पाहिला.

आठवड्याने समितीचं उत्तर आलं. सदर निवेदनावरील एकही स्वाक्षरी ग्राह्य धरता येत नाही, कारण स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी कुणीही मंडळाचे सभासद नाहीत.

कपाळ माझं! सभासद त्यांचे नवरे होते. ज्या नियमाविरुद्ध आम्ही सह्या करत होतो, त्याच नियमाने आमच्या सह्या केराच्या टोपलीत गेल्या होत्या. लॅबमध्ये एखाद्या ज्युनिअरने चुकीच्या नावाची नळी पाठवली तर मी त्याला फाडून खाते, आणि इथे मीच एकतीस चुकीच्या नळ्या वाजतगाजत पाठवल्या. पण माझ्या चुकीपेक्षा मला वेगळीच आशा लागली. म्हटलं, आता तरी या बायका पेटतील. एवढी वर्षं कांदे चिरले, नाटकं बसवली, हॉल झाडले, आणि मंडळ लेखी कळवतंय की तुम्ही आमच्या कुणीच नाही! मी ते पत्र जसंच्या तसं त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं.

"अगं बाई, मग आपण कोण?" एकीने लिहिलं, पुढे हसण्याचे चार इमोजी. दुसरीने लिहिलं, आपण स्वयंपाकी! पुन्हा हसणं. मग तिसरीने विचारलं की वाणाच्या डब्याचं झाकण मायक्रोवेव्हमध्ये चालतं का, आणि त्यावर संध्याकाळपर्यंत चर्चा झाली. एवढंच. प्रोजेक्ट मॅनेजरबाईंनी झाकणाबद्दल दोन परिच्छेद लिहिले. मला त्या दिवशी त्या बायकांची जेवढी किळस आली तेवढी अध्यक्षांचीही कधी आली नव्हती. अध्यक्ष निदान स्वतःच्या फायद्याचं काहीतरी सांभाळत होते.

मग नवऱ्यांच्या मागे लागले. हॉस्पिटलच्या कारपार्कमध्ये गाठलं, हॅरिस पार्कला मिठाईच्या दुकानात रांगेत गाठलं, क्रिकेटच्या ग्राउंडवर गाठलं. पुरुष मला बघून फोन कानाला लावायला लागले. घटस्फोट झालेली बाई कागद घेऊन येतेय म्हटल्यावर त्यांना आपल्याच घराची भीती वाटत असावी. 'बघतो' म्हणाले. 'वेळ काढून वाचतो' म्हणाले. आणि सगळ्यात जास्त जण म्हणाले, "घरी विचारून सांगतो." घरी विचारून! जिला मत नाही तिला विचारून हे ठरवणार, की तिला मत असावं का! आणि तिने सही आधीच करून ठेवलेली! तरी मी तोंड गोड ठेवलं, पुन्हा पुन्हा गेले, मुलीचं नाव पुढे केलं, प्रसंगी डोळ्यांत पाणीही आणलं. एप्रिल उजाडेपर्यंत पंचवीस झाल्या. सव्विसावी काही केल्या होईना.

शेवटी ग्लेन वेव्हर्लीला, मुलीच्या बापालाच फोन लावला. जूनअखेरपर्यंत तो सभासद होताच. मी हॉलपासून पंधरा मिनिटांवर राहते, मला मत नाही. तो मेलबर्नला, त्याला आहे.

"पाठव, करतो," तो म्हणाला.

"कशाबद्दल आहे ते ऐकून तरी घे."

"नो वरीज गं. पाठव तू."

दहा मिनिटांत सही करून परत आली. वाचलंही नसणार. तीन महिने मी ज्यासाठी दारोदार हिंडले ते याने चहा पिता पिता उरकलं. सही चुकीची नव्हती, माणूसही वाईट वागला नव्हता, आणि तरी मी फोन सोफ्यावर आपटला.

आता मतदान टाळता येणार नव्हतं. समितीने ते मेमधल्या वार्षिक सभेत ठेवलं, बाराला, म्हणजे जेवणाच्या तोंडावर. प्रश्नही त्यांनीच लिहिला: "मंडळाच्या कुटुंबप्रधान स्वरूपात बदल करून वैयक्तिक सभासदत्वास मान्यता द्यावी काय?" वाचणाऱ्याला वाटावं की आम्ही कुणाची घरं मोडायला निघालोय. अध्यक्षांनी भाषण केलं. एका घरात दोन मतं आली तर घरात भांडणं येतील. आपण परदेशात कुटुंब म्हणून टिकलो. काही व्यक्तींच्या अडचणींबद्दल मंडळाला सहानुभूती आहे. काही व्यक्ती मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, कारण पाहुण्यांना खुर्ची नव्हती.

आणि मग गंमत झाली. प्रमुखांना चिठ्ठ्या वाटल्या, पेन वाटली, पेटी ठेवली. भाषण लांबलं होतं, एक वाजायला आला होता, मागून पातेली आत आली. चौदा वर्षांची सवय! पुरुष उठले. "हे घे, तू टाक गं. मी लाईन धरतो." एकामागून एक, बायकांच्या हातात चिठ्ठ्या कोंबून सगळे प्रमुख मसालेभाताकडे गेले. अध्यक्ष स्टेजवरून "अहो, बसून घ्या, बसून घ्या" म्हणत राहिले, पण ज्या भुकेवर त्यांनी इतकी वर्षं राज्य केलं ती आता त्यांचंही ऐकेना. बायका राहिल्या हातात चिठ्ठी घेऊन. नवरा बघत नाही, मंडळ बघत नाही, चिठ्ठीवर नाव नाही. त्यांनी काय लिहिलं ते मला तेव्हा दिसलं नाही.

मोजणी झाली. दोन तृतीयांशच्या वर मतं बाजूने पडली. मंजूर.

मी रडले. सांगायला लाज वाटते, पण त्या भिंतीला टेकून हमसून रडले. मैत्रीण येऊन मिठी मारून गेली. मागच्या खोलीतून मुलगी धावत आली, तिला म्हटलं, जुलैचं झालं गं तुझं.

आणि माझे डोळे कोरडे व्हायच्या आत अध्यक्षांनी माईक घेतला. "आपल्या पॅनलच्या काळात हा ऐतिहासिक निर्णय झाला याचा मला अभिमान आहे," असं तो माणूस, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, म्हणाला. आणि त्याच दमात: हेच पॅनल पुढे चालू ठेवावं असा ठराव आहे. ज्या बायकांनी थोड्या वेळापूर्वी त्यांच्या नाकावर टिच्चून मतं टाकली होती, त्यांनीच टाळ्या वाजवल्या. सर्वानुमते मंजूर! मी मैत्रिणीला विचारलं, अगं, तू पण? ती ताट घेत म्हणाली, "मग काय करणार? मूर्ती कोण आणतं, हॉल कोण बुक करतं? ते आहेत म्हणून चाललंय बाई सगळं. तुझं काम झालं ना?" एक काम करून घ्यायचं आणि मालकाला मालकच ठेवायचं, एवढीच या लोकांची झेप.

झालं म्हणता म्हणता जून आला, आणि नवा फॉर्म आला. निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी उपसमिती नेमली होती. तिघंही पॅनलचेच. फॉर्म छान होता, रकाना एकच, 'अर्जदार'. मी भरला. तळाशी सूचना होत्या. चौथी सूचना अशी: यापूर्वी कुटुंब सभासदत्वात समाविष्ट असलेल्या व्यक्तीने स्वतंत्र सभासदत्वासाठी अर्ज करताना पूर्वीच्या कुटुंबप्रमुखाचे ना-हरकत पत्र जोडणे आवश्यक.

अशी व्यक्ती सबंध मंडळात एकच होती.

मी अध्यक्षांना फोन लावून जे तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वहिनी, मतदान झालं ते घटनेवर. घटना तुमच्या मनासारखी बदलली. ही नियमावली आहे, ती समितीच्या अखत्यारीत येते. तुम्हाला नियमावलीवर आक्षेप असेल तर पुन्हा सह्या गोळा करा ना, सोय आहे घटनेत." तेवढ्यात त्यांनी घटना वाचून काढली होती. माझ्यामुळे! ते एवढंच शिकले होते की लोकांनी हवं ते ठरवावं, ठरवल्याचा फॉर्म आपण छापावा.

क्लासच्या बाईंकडे गेले. बाई हळव्या झाल्या. "माझ्याकडून मी तिला कधीही बसवीन गं. पण रजिस्टरला नाव नसलं तर इन्शुरन्समध्ये बसत नाही म्हणतात. उद्या पोर पडलंबिडलं तर?" मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "एक कागद तर आहे. घे ना मागून. तो देईल." तो देईल हे मलाही ठाऊक होतं. सरकारी खात्याकडे तक्रार करता येईल असं कुणी सुचवलं, पण तक्रारीला महिने लागतात आणि माझ्याकडे दोन आठवडे होते. मी रोज संध्याकाळी समितीला जळजळीत ईमेल लिहायची आणि पाठवायची नाही. पुन्हा सव्वीस नवऱ्यांमागे धावायची ताकद माझ्यात नव्हती, आणि ज्या बायकांसाठी धावायचं त्या झाकणांत रमल्या होत्या. सगळी शेपूटघालू जमात, असं मी मनात म्हणत राहिले. मग एका दुपारी लॅबच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून मेलबर्नला मेसेज केला: एक पत्र हवंय. मसुदा समितीने दिलाय, फक्त सही कर.

जूनच्या शेवटच्या रविवारी सकाळी पत्र आलं. नोंदणीची मुदत त्याच दिवशीची, क्लास दहाचा. साडेनऊला मी किचनमधूनच प्रिंट दिली आणि डबा भरायला लागले. प्रिंटर मुलीच्या खोलीत आहे. ती कागद घेऊन बाहेर आली, बोट ओळीखाली धरून, मोठ्याने वाचत. आता ती दिसेल ते मराठी वाचते.

"माझ्या पूर्वीच्या पत्नीस... मंडळाचे स्वतंत्र... सभा... सभासदत्व देण्यास माझी कोणतीही हरकत नाही." एकदाच अडली, पण सगळी जोडाक्षरं काढली तिने. माझ्याकडे बघून हसली. मग म्हणाली, "आई, हरकत म्हणजे?"

"नको म्हणणं."

ती पुन्हा कागदाकडे बघायला लागली. "म्हणजे बाबा नको म्हणू शकला असता? तुला?"

"तो नाही म्हणाला ना तसं. बूट घाल."

"पण म्हणू शकला असता?"

मी डब्याचं झाकण लावत राहिले. ती दारात बसून बूट घालायला लागली. एक घातला आणि थांबली.

"मग बाबा मेलबर्नच्या मंडळात गेला, तेव्हा तू दिलं होतंस का असं पत्र?"

"नाही."

"का?"

"मला कुणी मागितलं नाही."

ती दुसरा बूट हातात धरून माझ्याकडे बघत राहिली, आणि मला कळलं की मी आता काय करते ते ती बघतेय. कागद फाडायला एक सेकंद लागला असता. त्या एकतीस जणींना मी पाच महिने मनात काय काय म्हणत होते, ते सगळं मला तेव्हा स्वतःच्या तोंडावर ऐकू आलं. दहाला वीस कमी होते. मी तिच्याजवळ खाली बसले आणि बूट तिच्या पायात चढवला, लहान असताना चढवायचे तसा. मग कागद घडी न पडेल असा फोल्डरमध्ये घातला, आणि आम्ही वेळेवर पोचलो.

दारात टेबल मांडलं होतं. मी पत्र दिलं.